सगळ्यांत रंगलेलं पान

कस्तुरीने सकाळची पेज निम्मी खाल्ली, वाटी हळूच बाजूला सारली आणि आईकडे बघून म्हणाली, "धन्यवाद आई. पेज छान होती."

"छान होती तर संपव की."

"पोट भरलं. धन्यवाद."

प्रणिताने वाटी उचलली. सहा वर्षांची पोर पेज टाकून उठते तर तिने कुरकुर तरी करायला हवी. पेज गरम आहे, मीठ नाही, लोणचं झोंबतंय, असं काहीतरी. स्वतः प्रणिता या वयात याच चुलीपुढे पेजेवरून घर डोक्यावर घ्यायची. कस्तुरीने मात्र उठून आईच्या हातातल्या वाटीला बोट लावलं, तिचेही आभार मानले आणि ती पडवीकडे निघाली. चालताना ती जराशी वाकली होती, जमिनीवर पडलेलं काहीतरी शोधत असल्यासारखी.

"काही हरवलं का गो तुझं?"

"नाही आई."

पडवीत तिचे आजोबा बाबली चटईवर बसले होते. कस्तुरी त्यांना आजो म्हणायची. कुडाळजवळच्या या वाडीत चित्रकथी लोकांची घरं आहेत. पोथीतली सुटी चित्रं एकेक करून गुडघ्यावर उभी धरायची आणि टाळ-वीणेच्या साथीने त्यांची कथा लावायची, हे त्यांचं पिढ्यान्‌पिढ्यांचं काम. त्या पोथीत अक्षर नव्हतं, म्हणून बाबलींना अक्षर शिकायची गरज कधी पडली नव्हती. डोक्याचे केस पांढरे झाल्यावर, नातीच्या चित्रपुस्तकांवर बोट ठेवून ते वाचायला शिकले होते. आता रोज सकाळी ते आणि कस्तुरी मिळून एक पुस्तक वाचत, ते अक्षरांवर बोट ठेवून आणि ती चित्रांवर.

आजचं पुस्तक 'टिल्लीचे आभार' होतं. टिल्ली हे खारीचं पिल्लू. दर पानावर कुणीतरी टिल्लीसाठी काहीतरी करतं. माड तिला सावली देतो, कावळा वाट दाखवतो, म्हातारी मुंगी तिच्या पायातला काटा काढते. चित्रं प्रणितानेच काढलेली होती, आपल्या घरच्या पोथीच्या चालीवर, मोठ्या डोळ्यांची आणि जाड काळ्या रेघांची. पान उघडलं की फक्त रेघा दिसत, रंग नसे. मुलाने चित्रावर बोट ठेवून टिल्लीच्या वतीने धन्यवाद म्हणायचं, आणि ते मनापासून म्हटलं असेल तरच बोटाखालून रंग उमलत जायचा.

हा कागद साधा नव्हता. लगद्यातच केसाहून बारीक धागे विणलेले असत. ते बोटाच्या टोकाशी नाडी ऐकत, त्वचेचा ओलावा मोजत, त्यावरून श्वासाचा अंदाज घेत. रंगाचे कण त्या धाग्यांत झोपलेले असत आणि हवा तो ताल ऐकू आला की जागे होत. म्हणून लोक त्याला जागा कागद म्हणू लागले. नुसतं तोंडाने धन्यवाद म्हणून त्याला फसवता येत नसे. पुण्याच्या उमलपान मंडळाने ही पुस्तकं काढली आणि बघता बघता ती राज्यभरच्या बालवाड्यांत पोचली.

"टिल्लीच्या पा-या-त का-टा," आजो वाचत होते. "रुतला. ह्या रुतला म्हणजे घुसला मा?"

"हो आजो." कस्तुरीने म्हाताऱ्या मुंगीवर बोट ठेवलं. "धन्यवाद मुंगीआजी."

शेंदरी रंग तिच्या बोटाखालून निघाला आणि पानाच्या कडेपर्यंत पोचला.

"माझ्या बोटाक ह्या पुस्तक ओळखतच नाय," आजो म्हणाले. "इतकी वर्सा वाचतंय, पण कोरा ता कोराच."

"एकदा आला होता रंग. पावसाळ्यात. मी तुझ्या मांडीवर बसले होते."

"एकदा इल्लो खरा. त्या दिवशी मी गुणी झालंय आसतलय."

प्रणिता आतून ऐकत होती. तिला हसू आलं, पण पुरतं आलं नाही. कस्तुरी शेवटची कधी रडली, हे ती काही दिवसांपासून आठवायचा प्रयत्न करत होती आणि तिला ते आठवत नव्हतं.

*

या पुस्तकांची सुरुवात एका अडचणीतून झाली होती. मंडळाच्या प्रमुख मृणाल सप्रे चित्रं बघायला म्हणून वाडीत आल्या होत्या, त्या ती अडचण घेऊनच. जाग्या कागदाला खऱ्या कृतज्ञतेचा ताल शिकवायचा होता. पण तो आणायचा कुठून? शहरातली मुलं थँक्यू पटकन म्हणत, आणि त्या वेळी त्यांच्या नाडीत काहीच हलत नसे. गावातली मुलं तर म्हणतच नसत. आपल्या घरांत आईचे आभार कोण मानतं? मानले तर आईच विचारते, बरं नाही का तुला.

तेव्हा प्रणिताने वडिलांना विचारलं होतं, "बाबा, पोराला आपले उपकार कळले, हे तुम्हाला कसं समजतं?"

बाबलींनी बराच वेळ विचार केला होता. मग म्हणाले होते, "पोर पडता. ढोपर फुटता. आपण उचलून घेतो, फुंकर घालतो. ता हुंदके देता, देता, आणि मगे गप जाता. डोक्या आपल्या खांद्यार टाकता. त्या डोक्याचा भार लागता मा, तोच. दुसरा काय सांगूचा?"

मृणालताईंच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. प्रणिताच्याही. हे इतकं खरं होतं की त्यावर कुणी दुसरा प्रश्न विचारला नाही.

मग मंडळाची माणसं मुलांच्या बोटांत त्याच धाग्यांच्या अंगठ्या घालून ताल गोळा करू लागली. लसीकरणाच्या दिवशी केंद्राबाहेर, कान टोचायच्या वेळी सोनाराच्या दुकानात, शाळेच्या मैदानाच्या कडेला. मूल रडायचं, कुणीतरी त्याला जवळ घ्यायचं, मूल शांत व्हायचं. अडखळणारा श्वास खाली बसायचा, गार पडलेली बोटं परत उबदार व्हायची. कागद ते शिकला. जितकी मोठी खळबळ आणि तिच्यामागून जितकी खोल शांतता, तितका जास्त रंग.

पहिलं पुस्तक कस्तुरीच्या हातात पडलं तेव्हा तिचं तिसरं वर्ष सुरू होतं. राज्यात तिच्याइतकी वर्षं हे पुस्तक कुणीच हाताळलं नव्हतं. कस्तुरी चार वर्षांची असताना प्रणिताने तिला एकदा विचारलं होतं, "बाय, तू रंग कसा आणतेस गो?" कस्तुरीने छातीवर हात ठेवून सांगितलं होतं, "इथं एक झाकण आहे. ते दाबायचं. मग म्हणायचं धन्यवाद."

प्रणिताने हे कौतुकाने मृणालताईंना फोनवर सांगितलं होतं. दोघी खूप हसल्या होत्या.

*

दहाच्या सुमारास कस्तुरीला उलटी झाली. तिने स्वतःच न्हाणीत जाऊन तोंड धुतलं आणि बाहेर येऊन सांगितलं, "आई, मला उलटी झाली. मी पाणी टाकलंय."

"पोटात दुखतंय का?"

"थोडंसं होतं. आता नाही."

कपाळ किंचित गरम होतं. प्रणिताने रिक्षा बोलावली आणि तिला बाजारातल्या डॉ. नाबरांकडे नेलं. नाबर डॉक्टर या भागातल्या पोरांच्या दोन पिढ्या बघत आले होते. हल्ली त्यांच्या टेबलावर वेदनापट्टी असायची. रुग्णाच्या मनगटाला ती बांधली की कळ किती आहे ते पट्टीच्या रंगावरून समजे, हिरव्यापासून लालपर्यंत. लहान मुलं आणि अतिवृद्ध माणसं, ज्यांना सांगता येत नाही त्यांच्यासाठी ती मोठीच सोय झाली होती.

कस्तुरीच्या मनगटावर पट्टी हिरवी राहिली.

डॉक्टरांनी पोट दाबून बघितलं. "इथं दुखतं? इथं?"

"नाही डॉक्टर. धन्यवाद."

"बघा," डॉक्टर हसत म्हणाले, "माझ्याकडची पोरं लाथा झाडतात. मागच्या आठवड्यात एकाने माझा चष्मा फोडला. ही आभार मानते. तुमच्या पुस्तकांचा गुण म्हणायचा." त्यांनी पट्टी सोडली. "बाधलं असेल काहीतरी. लिंबूपाणी द्या, मऊ भात द्या. संध्याकाळी ताप वाढला तर आणा."

"डॉक्टर, ती नीट चालत नाहीये. वाकून चालते."

"उलटीने पोटाचे स्नायू धरतात. पट्टी हिरवी आहे ना? मग घाबरू नका."

प्रणिताला त्यांच्याशी वाद घालावासा वाटला, पण वाद घालायला हाताशी काहीच नव्हतं. दुखत नाही असं मूल सांगत होतं आणि यंत्रही तेच सांगत होतं. उरली फक्त तिची धाकधूक, आणि आईच्या धाकधुकीला दवाखान्यात कुणी मोजत नाही.

परतताना बाजारपेठेच्या तोंडाशी मोठा फलक लागलेला दिसला. उद्या तालुक्याच्या सभागृहात उमलपानचा समारंभ होता. ज्या मुलांची पुस्तकं वर्षभरात सर्वांत जास्त रंगली, त्यांचा सत्कार. फलकावर त्या मुलांचे फोटो होते, राज्याच्या कानाकोपऱ्यांतल्या मुलांचे. सगळे चेहरे शांत, ओठ मिटून हसणारे. कस्तुरीचा फोटो वरच्या ओळीत होता.

"ती मी," कस्तुरी म्हणाली. तिने रिक्षाचा दांडा घट्ट धरला होता आणि खड्डा आला की तिची बोटं पांढरी पडत होती.

घरी पोचताच मृणालताईंचा फोन आला. "प्रणिता, मी संध्याकाळी पोचते गं. कस्तुरीला पहिल्या खुर्चीवर बसवतोय."

"ताई, तिला जरा बरं नाहीये."

"काय होतंय?"

"तेच तर कळत नाही. ती काही सांगतच नाही."

"मग फार नसेल," मृणालताई म्हणाल्या. "मुलं काही मनात ठेवतात होय?"

*

दुपारी कस्तुरीने भात खाल्ला नाही. चटईवर भिंतीला टेकून, गुडघे पोटाशी घेऊन ती बसली आणि तिने पुस्तक मागितलं. आजोंनी ते तिच्या पायांवर उघडून दिलं. प्रणिता लिंबू पिळायला आत गेली.

"प्रणिता," पडवीतून वडिलांची हाक आली. आवाज चढलेला नव्हता, पण त्यात काहीतरी होतं. "हय ये. बेगीन."

ती बाहेर आली. कस्तुरीचं बोट टिल्लीच्या पंजावर होतं आणि पानावर रंगच रंग होता. तो बोटापाशी थांबला नव्हता. माडाच्या झावळ्यांत शिरला होता, आभाळात चढला होता, पान ओलांडून पलीकडच्या पानावर गेला होता. इतका दाट लाल प्रणिताने कधी बघितला नव्हता. तिने स्वतः चित्रं काढली होती, कागदात किती रंग भरलाय हे तिला माहीत होतं, आणि तो सगळा एकाच वेळी जागा झालेला ती पहिल्यांदाच बघत होती.

क्षणभर तिला आनंद झाला. आपल्या हातचं काम इतकं सुंदर दिसतंय, याचा. पुढे कितीतरी दिवस तो क्षण तिला सुखाने जेवू देणार नव्हता.

मग तिने लेकीकडे बघितलं. कस्तुरीच्या ओठांवर फलकावरचंच हसू होतं. वरच्या ओठावर घामाचे थेंब होते.

"कस्तू, काय म्हणालीस गो आत्ता?"

"काही नाही. नुसतं धन्यवाद. झाकण जड झालंय आई."

प्रणिताने तिचे हात हातात घेतले. ते बर्फासारखे गार होते आणि कपाळ भाजत होतं.

बाबली पुस्तकाकडे बघत होते. "प्रणिता," ते म्हणाले, "माझ्या बोटाखाली रंग इल्लो मा एकदा. पावसाळ्यात."

"आत्ता ते कशाला बाबा?"

"ऐक. त्या दिवशी माझ्या गुडघ्यात अशी कळ इल्ली, जीव जाता की काय वाटला. पण पोर मांडीर बसलेली. ओरडलंय तर भियातली. म्हणान आतल्या आत दाबलंय आणि बोट पानार ठेवलंय." ते थांबले. "तेव्हाच इलो रंग. मी काय कोणाचे उपकार आठवूक नव्हतंय."

प्रणिताने उघड्या पानाकडे बघितलं.

सोनाराचं दुकान तिच्या डोळ्यांपुढे आलं, आणि लसीची रांग. अंगठ्या घातलेली ती इवलीशी बोटं. आपण आभार मानणारी मुलं गोळा केलीच नव्हती. रडू गिळणारी मुलं गोळा केली होती. आजोबांच्या खांद्यावर डोकं टेकण्याआधी मूल आपली कळ आत कुठेतरी ठेवतं, आणि त्या ठेवण्याचा ताल कागदाने पाठ केला होता. खांदा त्याला ऐकू येत नव्हता आणि फुंकर कळत नव्हती. त्याला एवढंच कळलं होतं की दुखणं दाबलं की बक्षीस द्यायचं. आणि कस्तुरी ते गेली चार वर्षं रोज सकाळी शिकत होती, इतकी की आता तिची नाडीही खोटं बोलत होती.

"मीच सांगितलंय तुका," बाबली म्हणाले.

"मी विचारलं म्हणून सांगितलंत. बाबा, तिला उचला. पुस्तक पण घ्या."

*

डॉक्टर नाबर दुपारचं दार लावून जेवायला बसणार होते. प्रणिताने दारातच सगळं सांगायला सुरुवात केली आणि तिचं तिलाच कळलं की हे ऐकायला वेडेपणाचं वाटतंय.

"म्हणजे पुस्तक सांगतंय पोट दुखतं म्हणून?" डॉक्टर म्हणाले.

"पुस्तक सांगत नाही. पण ती जे दाबते ते त्यात दिसतं. तुमची पट्टी नका लावू. एकदा फक्त तिचं पोट तपासा आणि तिच्या तोंडाकडे न बघता पानाकडे बघा. काही दिसलं नाही तर मी परत जाते."

"पट्टी जे सांगते ते..."

"डॉक्टरानू," मागून बाबली म्हणाले, "तुमी माझ्या चेडवाचे, ह्या प्रणिताचे गालगुंड बघलास. तेव्हा खंय होती पट्टी?"

डॉक्टरांनी हात पुसला. कस्तुरीला टेबलावर निजवलं. प्रणिताने पुस्तकाचं नवं पान उघडून तिच्या हाताशी धरलं. कोऱ्या रेघांतली टिल्ली, कोरा माड. कस्तुरीने बोट ठेवलं. बोटाभोवती फिकट शेंदरी वर्तुळ उमटलं आणि तेवढंच राहिलं.

डॉक्टरांनी बरगड्यांखाली दाबलं. वर्तुळ हललं नाही. डावीकडे दाबलं, किंचित पसरलं. मग उजवीकडे, खाली, हळूहळू खोल दाबलं आणि झटकन हात उचलला.

पान भडकलं. दुसरा शब्द नव्हता त्याला. रेघा दिसेनाशा झाल्या, टिल्ली दिसेनाशी झाली, सगळं पान एक लाल ठिगळ झालं.

"धन्यवाद डॉक्टर," कस्तुरी म्हणाली. तिचा आवाज स्वच्छ होता.

डॉक्टर नाबरांनी परत तिथं दाबलं नाही. ते टेबलाकडे गेले आणि फोन उचलला. "आंत्रपुच्छ आहे. अपेंडिक्स. फुटायच्या बेताला आलंय किंवा फुटलंय," ते प्रणिताकडे न बघता म्हणाले. "मोठ्या रुग्णालयात कळवतो. माझी गाडी घेऊन जाऊ. तिला काही खायला देऊ नका."

गाडीत कस्तुरी आईच्या मांडीवर होती. पुस्तक बाबलींनी मिटून शर्टाच्या आत घातलं होतं. रस्त्यावरच्या प्रत्येक गतिरोधकाला कस्तुरी पुटपुटत होती आणि प्रणिता तिच्या कानाशी सांगत होती, "नको म्हणू बाय. म्हणू नको." पण मांडीवरचं ते लहानसं अंग दर धक्क्याला ताठरत होतं आणि लगेच सैल होत होतं, शिकवल्याप्रमाणे.

*

फुटलं होतं, पण थोडंच. शस्त्रक्रिया संध्याकाळपर्यंत चालली. सर्जन बाहेर आल्यावर म्हणाल्या, आणखी उशीर झाला असता तर कठीण होतं. मग त्यांनी जाता जाता विचारलं, "एवढं होईपर्यंत ती रडली कशी नाही?" प्रणिताला उत्तर माहीत होतं. कस्तुरीचे वडील गोव्याहून निघाले होते. तोवर वॉर्डात बाबली आणि प्रणिता, दोघंच खाटेच्या दोन बाजूंना बसली होती.

मृणालताई आल्या त्या सरळ सभागृहाकडून. हातात फुलं होती. त्यांनी सगळं उभ्यानेच ऐकलं.

"एका मुलीवरून असं म्हणता येणार नाही, प्रणिता," त्या शेवटी म्हणाल्या. "शिक्षक सांगतात मुलं किती समजूतदार झाली आहेत. पालकांची पत्रं येतात. हट्ट नाही, आक्रस्ताळेपणा नाही."

"हो. ती कुरकुरच करत नाहीत."

"तुझी मनःस्थिती मी समजू शकते. पण..."

"ताई, पुस्तकांचे रंग तुमच्याकडे कळतात ना? कुठलं पुस्तक केव्हा रंगलं ते?"

"कळतात. त्यावरूनच तर सत्काराची मुलं निवडली."

"सगळ्यांत जास्त कुणाचं रंगतं? कस्तुरीचं सोडून."

मृणालताईंनी खुर्ची ओढून घेतली. "घाटावरची एक मुलगी आहे. मुक्ता. पाच वर्षांची. उद्या यायची आहे ती." त्यांचा आवाज थोडा मऊ झाला. "तिची तर आम्ही गोष्टच करून सांगतो सगळीकडे. दिवसभर पुस्तक फिकट असतं. पण रोज दिवेलागणीला ते असं रंगतं म्हणून सांगू. एक दिवस खंड नाही. आम्ही म्हणतो, देवापुढे दिवा लागला की ही पोर पुस्तक उघडून..."

त्या बोलायच्या थांबल्या.

वॉर्डातला पंखा फिरत होता. खिडकीबाहेर उजेड कमी होत चालला होता आणि समोरच्या घरांतून एकेक दिवा लागत होता. मृणालताईंनी खिडकीकडे बघितलं, मग हातातल्या फुलांकडे, आणि ती खाटेखाली ठेवून दिली.

"तिच्या घरी दिवेलागणीला काय होतं?" प्रणिताने विचारलं.

"मला माहीत नाही."

"कुणी विचारलं होतं?"

"ती रंगत होती गं," मृणालताई म्हणाल्या. "जी रंगतेय तिला काय विचारायचं?" त्या उठल्या आणि फोन शोधत बाहेर गेल्या. दाराच्या काचेतून त्यांची पाठ दिसत होती. पहिला फोन कुणी उचलला नसावा, कारण त्या लगेच दुसरा लावू लागल्या.

तेवढ्यात कस्तुरीच्या पापण्या हलल्या.

तिने आधी छताकडे बघितलं, मग नळीकडे, मग आईकडे. भुलीचा अंमल उतरत होता. कपाळावर एक बारीक आठी उमटली आणि लगेच पुसली गेली. ओठ सवयीने जुळू लागले.

"नको," प्रणिता तिच्यावर वाकून म्हणाली. "आता कुणाला काही म्हणायचं नाही बाय. दुखतंय का, तेवढंच सांग."

कस्तुरीने आजोंकडे बघितलं. बाबलींनी नेहमीप्रमाणे पुढे होऊन तिच्या पोटावरच्या पट्टीशी तोंड नेलं. आयुष्यभर, पोर कळवळली की त्यांनी हेच केलं होतं. मुलीला केलं होतं, नातीला केलं होतं. ओठ जुळले, आणि तसेच राहिले. त्यांनी फुंकर घातली नाही. मागे सरून त्यांनी आपला खांदा उशीपाशी टेकवला.

"रड गो," ते म्हणाले. "मी हयच आसय. गप रव म्हणूचंय नाय."

"रडलं की पान कोरं राहतं," कस्तुरी हळू आवाजात म्हणाली.

"कोरा तर कोरा रवान दी."

ती विचार करत होती. हनुवटी थरथरली, थांबली, पुन्हा थरथरली. दाराबाहेर मृणालताईंना फोनवर कुणीतरी भेटलं होतं. त्यांचा आवाज आत येत होता, "बाई, मुक्ता आत्ता कुठे आहे? नाही, समारंभाचं नाही विचारत. आत्ता, या घटकेला, तिच्याजवळ कोण आहे?"

कस्तुरीने छातीवर हात ठेवला. तिच्या डोळ्यांच्या कोपऱ्यात पाणी जमलं होतं आणि ते खाली येत नव्हतं.

"आजो," तिने विचारलं, "झाकण एकदा उघडलं, तर मग किती येईल बाहेर?"